आम्ही काय अतिरेकी आहोत का?

भाकरी थापता थापता ऐकणाऱ्या, धार काढताना मोबाईलवर रेडिओ लावून ठेवणाऱ्या आणि सभेला एकत्र बसून ऐकणाऱ्या सगळ्या ताया-मावश्यांना माझा नमस्कार.

आज जरा वेगळा विषय घेतलाय. एरवी मी हप्ता, व्याज, इतिवृत्त, शेळ्यांचा विमा असलंच बोलते. आज बोलायचंय ते अतिरेक्यांना पकडायला आणि शिक्षा द्यायला एक देश दुसऱ्या देशाला कायद्यानं कशी मदत करतो, त्याबद्दल. लगेच रेडिओ बंद करू नका. हा विषय आपल्या पासबुकापर्यंत येतो. माझ्याकडेही तो पासबुकातूनच आला.

मागच्या महिन्याच्या सभेत मी निरोप दिला, की बँकेनं गटाच्या अध्यक्ष-सचिवांची केवायसीची कागदं पुन्हा मागितली आहेत. आधार, पॅन, फोटो. आमच्या सचिव मावशी तशा शांत, पण त्या दिवशी तडकल्या. म्हणाल्या, "अगं, त्या सायबाला माझं तोंड ठाऊक नाय का? बारा वर्सं झाली त्या बँकेत जातीय मी. आम्ही काय अतिरेकी हाय का?" सगळ्याजणी हसल्या. मीही हसले.

रात्री मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना. बी.ए.ला माझं राज्यशास्त्र होतं, थोडं वाचलेलं होतं. मग आणखी वाचत गेले. तेव्हा कळलं, की मावशींनी चिडून विचारलेल्या प्रश्नाला खरोखरचं उत्तर आहे. बँक आपल्याला अतिरेकी समजत नाही. पण ती जी कागदं मागते, त्यामागच्या कारणांत एक कारण अतिरेक्यांचंच आहे.

२६ नोव्हेंबर २००८ ची रात्र आठवते ना? मी तेव्हा बारावीत होते. आमच्याकडे टीव्ही नव्हता, शेजारच्या काकूंच्या घरी गर्दी करून आम्ही बघत होतो. ताजमधून धूर निघताना दिसत होता. आमच्या आळीतला एक मुलगा मुंबईला कामाला होता, त्याचा फोन लागत नव्हता. त्याची आई उंबऱ्यावर बसून होती, आत येऊन टीव्हीकडे बघायला तयार नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन लागला. तोपर्यंत तिनं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. दहा जण समुद्रातून आले आणि १६६ माणसं मारली गेली. सीएसटीवर गाडीची वाट बघत बसलेली माणसं त्यात होती, गावी निघालेली.

आता त्या रात्रीतली एक गोष्ट सांगते, ती टीव्हीवर दिसली नव्हती. ताज, ट्रायडंट आणि नरिमन हाऊसमधले हल्लेखोर फोनवर बोलत होते. पलीकडून त्यांना सूचना मिळत होत्या. कुठल्या मजल्यावर जा, काय पेटवा, ओलीस धरलेल्यांचं काय करा. आपल्या पोलिसांनी ते फोन पकडले, ऐकले, टेप केले. पण ते फोन साधे नव्हते, इंटरनेटवरून केलेले होते. त्यासाठी अमेरिकेतल्या एका कंपनीकडे खातं उघडलेलं होतं. उघडणाऱ्यानं आपण भारतातले व्यापारी आहोत असं सांगून भारतीय नाव लावलं होतं. फोनसाठी घेतलेले काही क्रमांक ऑस्ट्रिया देशाचे होते. आणि खात्यात पैसे भरले गेले ते पाकिस्तानातून २५० डॉलर आणि इटलीतल्या ब्रेशिया नावाच्या गावातून २२९ डॉलर. हे दुसरे पैसे हल्ल्याच्या आदल्या दिवशी भरले.

तेव्हा डॉलर साधारण पन्नास रुपयांना होता. म्हणजे दोन्ही मिळून चोवीस हजार रुपयांच्या आसपास. आपल्या गटात एका बाईला म्हशीसाठी आपण एवढं कर्ज देतो. एवढ्या पैशात त्या रात्रीच्या फोनची सोय झाली.

बघा, एका गुन्ह्याच्या एका धाग्यात किती देश आले. मेले मुंबईत, सूचना आल्या पाकिस्तानातून, खातं अमेरिकेत, क्रमांक ऑस्ट्रियाचा, पैसे इटलीतून. आता आपल्या पोलिसांनी काय करायचं? आपल्याकडे चोरी झाली आणि चोर शेजारच्या तालुक्यात पळाला, तर फौजदार सांगतो, "ही आमची हद्द नाही, तिथल्या ठाण्याला कळवावं लागेल." आपण वैतागतो. पण हद्द असते हे खरं आहे. देशादेशांत तर ती फारच कडक. मुंबईचा पोलीस इटलीत जाऊन कुणाचं दुकान उघडायला सांगू शकत नाही. तिथल्या पोलिसाला विनंती करावी लागते, तीही तोंडी नाही, कागदावर.

या विनंतीचे दोन रस्ते आहेत. एक, आपलं न्यायालय परदेशातल्या न्यायालयाला विनंतीपत्र देतं आणि ते केंद्राच्या गृह मंत्रालयामार्फत पुढे जातं. दुसरा, दोन देशांनी आधीच करार करून ठेवलेला असतो, की फौजदारी खटल्यात तू माझ्यासाठी पुरावा गोळा कर, मी तुझ्यासाठी करीन. त्याला परस्पर कायदेशीर साहाय्याचा करार म्हणतात. भारत आणि अमेरिकेचा असा करार २००१ साली झाला आणि २००५ पासून लागू झाला. म्हणजे २००८ ला तो हाताशी होता. हे मला आपल्या फिरत्या निधीसारखं वाटतं. आजारपण आल्यावर निधी गोळा करायला निघालं तर उशीर होतो, तो आधीच असावा लागतो.

मग अमेरिकेची तपास यंत्रणा एफबीआय मुंबईत आली. तिच्या लोकांनी काय केलं, तर जे आपल्याकडच्या प्रयोगशाळांना तेव्हा अवघड होतं ते केलं. हल्लेखोरांनी पोरबंदरच्या 'कुबेर' नावाच्या मासेमारी बोटीचा ताबा घेतला होता, तिच्या तांडेलाला मारलं होतं. त्या बोटीत रस्ता दाखवणारं जीपीएस यंत्र सापडलं. त्याच्या पोटात कराचीपासून मुंबईपर्यंतच्या वाटेच्या खुणा होत्या, त्या तज्ज्ञांनी काढून दिल्या. किनाऱ्याला लागलेल्या रबरी होडीची मोटार जपानी कंपनीची होती. तिचा नंबर खरवडलेला होता, तरी दुसऱ्या जागी तो मिळाला आणि ती मोटार पाकिस्तानात विकायला गेलेली असल्याचं निघालं. याला तांत्रिक मदत म्हणतात. मातीचा नमुना आपण तालुक्याला पाठवतो, तशीच. आपल्याकडे यंत्र नाही, त्यांच्याकडे आहे, त्यांनी तपासून लेखी अहवाल द्यायचा.

पण नुसता अहवाल पाठवून भागत नाही. एफबीआयच्या माणसांनी आपल्या खटल्यात येऊन साक्ष दिली. तपासणाऱ्यानं साक्ष दिली नाही, त्याची उलटतपासणी झाली नाही, तर तो कागद कोर्टात पांगळा असतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्याची गरज लागणार आहे.

खटला उभा राहू शकला त्याचं पहिलं श्रेय मात्र कुठल्याच परदेशी यंत्रणेचं नाही. ते साताऱ्याच्या केडंबे गावच्या तुकाराम ओंबळे यांचं. गिरगाव चौपाटीवर त्यांनी कसाबच्या बंदुकीची नळी हातांनी धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या आणि तो जिवंत सापडला. जिवंत आरोपी नसता, तर "हे कुणी केलं ते आम्हाला ठाऊक नाही" म्हणायला पलीकडचे मोकळे होते. कसाबच्या खिशात हैदराबादच्या कॉलेजचं खोटं ओळखपत्र होतं, त्यावर हिंदू नाव होतं. तोही मेला असता तर कागदावर तो भारतातलाच मुलगा ठरला असता.

त्याच रात्री कामा हॉस्पिटलमध्ये अंजली कुलथे नावाच्या परिचारिका रात्रपाळीला होत्या. त्यांच्या वॉर्डात वीस गरोदर बायका होत्या. हल्लेखोर हॉस्पिटलमध्ये शिरलेले दिसल्यावर त्यांनी दारं लावली, त्या वीसजणींना एका छोट्या खोलीत नेलं आणि रात्रभर सांभाळलं. एकीला कळा सुरू झाल्या, तर भिंतीच्या कडेकडेनं तिला बाळंतपणाच्या खोलीत पोचवलं. पुढे त्यांनी कसाबला ओळखलं आणि साक्ष दिली. डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत, जिथे मोठमोठ्या देशांचे मंत्री बसतात, तिथे याच कुलथे सिस्टर व्हिडिओवरून बोलल्या. सरकारी दवाखान्यातल्या नर्सचं ऐकायला जग थांबलं, हे मला फार आवडलं. आपण साक्ष द्यायची म्हटली की पोलीस पाटलाच्या दारातूनही मागे फिरतो, म्हणून मुद्दाम सांगितलं.

कसाबला मे २०१० मध्ये शिक्षा झाली, मग उच्च न्यायालय, मग सर्वोच्च न्यायालय आणि २१ नोव्हेंबर २०१२ ला पुण्याच्या येरवडा तुरुंगात फाशी. त्याच खटल्यात दोन भारतीय आरोपी होते, त्यांना न्यायालयानं पुरावा पुरेसा नाही म्हणून सोडलं. त्यावरून तेव्हा गावात बरीच तणतण झाली होती. मला आता वाटतं, तेच बरोबर होतं. ज्या कोर्टात पुराव्याशिवाय माणूस सुटतो, त्याच कोर्टानं दिलेल्या शिक्षेवर दुसरा देश विश्वास ठेवतो.

आता बाहेर राहिलेल्यांचं काय? इथे गोष्ट किचकट होते, जरा धीर धरा.

डेव्हिड हेडली नावाचा अमेरिकी नागरिक हल्ल्याआधी कितीतरी वेळा मुंबईत येऊन गेला होता. ताजचं चित्रीकरण, बोटीतून फेरफटका, किनाऱ्याच्या जागा टिपून घेणं, हे सगळं त्यानं केलं. मुंबईत त्यानं चक्क ऑफिस थाटलं होतं, व्हिसाचं काम करतो म्हणून. अमेरिकेत ऑक्टोबर २००९ मध्ये तो पकडला गेला. त्यानं तिथल्या सरकारशी तडजोड केली. सगळं कबूल करतो, साक्ष देतो, पण मला फाशी नको आणि मला भारतात पाठवू नका. त्याला ३५ वर्षांची शिक्षा झाली. भारतात तो आला नाही आणि येणार नाही. याचा मला राग येतो, लपवत नाही. पण त्याच तडजोडीमुळे आपल्या एनआयएच्या लोकांना २०१० मध्ये अमेरिकेत जाऊन त्याची चौकशी करता आली. फेब्रुवारी २०१६ मध्ये तो अमेरिकेतल्या खोलीत आणि न्यायाधीश-वकील मुंबईच्या कोर्टात अशी दिवसेंदिवस व्हिडिओवरून साक्ष झाली. ती साक्ष होती बीड जिल्ह्यातल्या गेवराईच्या अबू जुंदालविरुद्धच्या खटल्यात. आपल्याच मराठवाड्यातला हा माणूस, सूचना देणाऱ्यांच्या खोलीत बसला होता असा त्याच्यावर आरोप आहे. तो पाकिस्तानी पासपोर्टवर सौदी अरेबियात राहत होता, २०१२ मध्ये सौदीनं त्याला भारताच्या ताब्यात दिलं.

हेडलीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट वाचली आणि मी पुस्तक मिटून बसले. त्याच्या एका बायकोनं हल्ल्याच्या वर्षभर आधी इस्लामाबादच्या अमेरिकी दूतावासात जाऊन सांगितलं होतं, की माझा नवरा अतिरेक्यांबरोबर आहे. अमेरिकेच्या वर्तमानपत्रांनी २०१० मध्ये ते छापलं. तिनं दिलेली माहिती पुरेशी नेमकी नव्हती, असं अमेरिकेच्या अधिकाऱ्यांचं म्हणणं. असेलही. देशादेशांत कितीही करार झाले, तरी पहिली खबर कुणीतरी ऐकून घ्यावी लागते.

हेडलीचा मित्र तहव्वूर राणा. हेडलीला मुंबईत ऑफिस उघडायला ज्याच्या कंपनीचं नाव मिळालं, तो हा. अमेरिकेत त्याच्यावर खटला झाला. तिथे मुंबईच्या आरोपातून तो सुटला, पण लष्कर-ए-तोयबाला मदत केल्याबद्दल शिक्षा झाली. २०२० मध्ये भारताच्या विनंतीवरून त्याला पुन्हा अटक झाली. त्याचं म्हणणं असं, की एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला चालवता येत नाही. हा नियम खरा आहे, आपल्या राज्यघटनेतही आहे. अमेरिकी न्यायालयांनी मग दोन्ही देशांचे आरोप शेजारी शेजारी ठेवून पाहिले आणि म्हटलं, भारताचे गुन्हे वेगळे आहेत, त्यांत सिद्ध करायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. खालचं न्यायालय २०२३, वरचं २०२४, सर्वोच्च न्यायालय जानेवारी २०२५. आणि १० एप्रिल २०२५ ला तो दिल्लीत उतरला. सोळा वर्षांनी! इकडे वाटणीचा दावा वीस वर्षं चालतो म्हणून आपण कपाळाला हात लावतो. पण या उशिरातही एक शहाणपण आहे. दुसऱ्या देशानं नुसतं बोट दाखवलं की माणूस उचलून द्यायचा, असं झालं तर उद्या कुठलंही सरकार आपल्याविरुद्ध बोलणाऱ्याला अतिरेकी म्हणून मागून घेईल. म्हणून न्यायाधीश मध्ये असतो.

देताना देश अटीही घालतो. १९९३ च्या मुंबईतल्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसं गेली. त्यातला अबू सालेम पोर्तुगालमध्ये पकडला गेला. पोर्तुगालमध्ये फाशी नाही, जन्मठेपही नाही. त्यांनी विचारलं, तुम्ही त्याला फाशी देणार का? आपल्या सरकारनं लेखी शब्द दिला, फाशी नाही आणि २५ वर्षांपेक्षा जास्त कैद नाही. मग २००५ मध्ये तो मिळाला. पुढे आपल्या कोर्टानं त्याला जन्मठेप दिली. प्रश्न आला, मग त्या शब्दाचं काय? जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की दिलेला शब्द केंद्र सरकारनं पाळायचा, २५ वर्षं पूर्ण झाली की त्याला सोडण्याची कार्यवाही करायची. ज्यांची माणसं गेली त्यांना हे ऐकून कसं वाटलं असेल? मला त्याचं उत्तर देता येत नाही. पण हेही दिसतं, की हा शब्द मोडला असता तर पुढच्या आरोपीला कुठल्याही देशानं आपल्याकडे पाठवलं नसतं. आपल्या गटाची बँकेत जी पत असते, तशीच ती.

आणि जिथे मदत करायची मनापासून इच्छाच नसते, तिथे काय होतं? पाकिस्तानात याच हल्ल्याबद्दल सात जणांवर खटला सुरू झाला. मार्च २०१२ मध्ये तिथले वकील मुंबईत आले. कसाबचा कबुलीजबाब नोंदवणाऱ्या न्यायाधीश, मुख्य तपास अधिकारी आणि शवविच्छेदन करणारे दोन डॉक्टर, अशा चौघांच्या जबान्या घेऊन गेले. उलटतपासणी मात्र ठरलेल्या अटींत नव्हती. तिथल्या न्यायालयानं तेवढ्यावर बोट ठेवलं, की उलटतपासणी नाही तर या कागदांना किंमत नाही. मगाशी म्हटलं होतं ना, लक्षात ठेवा. २०१३ मध्ये त्यांना पुन्हा यावं लागलं. तोवर वेळ गेला तो गेलाच. मुख्य आरोपी लख्वी एप्रिल २०१५ मध्ये जामिनावर तुरुंगातून बाहेर आला.

पण एका वेगळ्या दारानं दाब आला. तो पैशाच्या दारानं. एफएटीएफ नावाची देशांची एक संघटना आहे, १९८९ मध्ये स्थापन झालेली, कार्यालय पॅरिसला. काळा पैसा आणि २००१ पासून अतिरेक्यांचा पैसा अडवायचे नियम ती घालते. कुठला देश नियम पाळतो ते तपासते. २००१ च्या सप्टेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांनीही १३७३ क्रमांकाचा ठराव करून सगळ्या देशांना बंधन घातलं, की अतिरेक्यांचा पैसा गोठवा, त्यांना आसरा देऊ नका, तपासात एकमेकांना मदत करा. ज्या देशांना असे कायदे लिहिता येत नाहीत, सरकारी वकील आणि न्यायाधीश तयार नाहीत, त्यांना शिकवायला व्हिएन्नातलं संयुक्त राष्ट्रांचं कार्यालय माणसं पाठवतं. ही झाली दुसऱ्या प्रकारची तांत्रिक मदत. एफएटीएफनं पाकिस्तानला जून २०१८ ते ऑक्टोबर २०२२ करड्या यादीत ठेवलं. त्या काळात, फेब्रुवारी २०२० मध्ये, हाफिज सईदला तिथल्याच न्यायालयानं अतिरेक्यांना पैसा पुरवल्याच्या गुन्ह्यात शिक्षा दिली. मुंबईच्या खुनांबद्दल नव्हे, पैशाबद्दल! हे समाधान अर्धंच आहे, मला ठाऊक आहे.

भारत २०१० मध्ये या संघटनेचा सदस्य झाला. आणि मैत्रिणींनो, इथून ती वाट आपल्या बँकेच्या खिडकीपर्यंत येते. पैशाच्या अफरातफरीविरुद्धचा आपला कायदा २००२ चा, लागू झाला २००५ पासून. त्याखाली बँकेनं खातेदार कोण हे ओळखलंच पाहिजे. तेच केवायसी.

आता परत इटलीला चला, त्या २२९ डॉलरकडे. इटलीच्या पोलिसांनी माग काढला. ब्रेशियातल्या पैसे पाठवण्याच्या दुकानापर्यंत पोचले, नोव्हेंबर २००९ मध्ये ते चालवणाऱ्या बाप-लेकाला अटक केली. आणि पैसे कुणी भरले म्हणून वहीत नाव पाहिलं, तर ते नाव अशा माणसाचं होतं, की जो इटलीत कधी आलाच नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. त्याची ओळख वापरून पैसे पाठवले गेले होते. एवढे देश, एवढे करार, एवढी कागदं आणि धागा कुठे तुटला? एका उसन्या नावापाशी.

त्या रात्री हे वाचून मी थांबले, कारण सचिव मावशी भांडल्या त्याच सभेनंतर आमच्यातली एकजण मागे थांबली होती. सगळ्या गेल्यावर म्हणाली, "ताई, माझं खातं बंद पडलंय." विचारलं, तर भाच्यानं वर्षभरापूर्वी पासबुक, एटीएम आणि खात्याला जोडलेलं सिमकार्ड नेलेलं. दर महिन्याला दोन हजार द्यायचा. तिला वाटलं, धंद्याचे पैसे फिरवत असेल. आता बँक म्हणते, दुसऱ्या राज्याच्या सायबर पोलिसांनी खातं गोठवलंय, तुमच्या खात्यातून फसवणुकीचे लाखभर रुपये गेलेत. अतिरेक्यांचा यात काही संबंध आहे असं कुणी म्हटलेलं नाही, आणि मीही म्हणत नाही. पण पोलिसांच्या वहीत नाव तिचं आहे. ते तिच्याच आधारचं, खरं नाव. ब्रेशियातल्या त्या माणसाला निदान आपलं नाव कुठे वापरलं हे ठाऊक नव्हतं. हिनं महिन्याच्या दोन हजारांवर ते दिलं.

तिचं विधवा पेन्शन त्याच खात्यात येतं. तीन महिने मिळालेलं नाही. भाचा फोन उचलत नाही.

म्हणून आता कामाच्या दोन-तीन गोष्टी सांगते. पासबुक, एटीएम, सिम आणि ओटीपी भाच्यालाही नाही, दिरालाही नाही. कुणी आधीच नेलं असेल तर आज संध्याकाळी परत मागा आणि उद्या बँकेत जाऊन लेखी अर्ज द्या, पोच घ्या. दिलेलं सांगायला लाजू नका, आमच्या सभेत ती बोलल्यावर आणखी दोघींनी कबूल केलं.

आणि बँकेचं सगळं बरोबर असतं असंही नाही. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, की बचत गटाचं बचत खातं उघडताना सगळ्या सदस्यांची केवायसी लागत नाही, पदाधिकाऱ्यांची पुरते. कमी जोखमीच्या खात्याची केवायसी दहा वर्षांतून एकदा नव्यानं करायची असते. आणि पत्त्यात, नावात काही बदल नसेल तर तसं स्वतःचं लेखी निवेदन चालतं, पुन्हा सगळा गठ्ठा द्यावा लागत नाही. दहा बायकांना मजुरी बुडवून रांगेत उभं करणारी शाखा असेल, तर हे शांतपणे सांगा आणि "नियम लेखी दाखवा" म्हणा. कायदा खातेदाराची ओळख पटवायला आहे, तिला हेलपाटे घालायला लावायला नाही.

येत्या मंगळवारी आम्ही तिघी तिच्याबरोबर तालुक्याला जाणार आहोत. आधी बँक, कुठल्या ठाण्याच्या पत्रानं खातं गोठवलं त्याचा क्रमांक घ्यायला, मग पोलीस ठाणं, तिची जबानी नोंदवायला. भाच्याचं नाव ती सांगणार आहे. बहिणीच्या मुलाचं नाव पोलिसांत सांगायचं म्हणजे काय, ते तिलाच ठाऊक. दोन रात्री ती झोपलेली नाही. पेन्शन दुसऱ्या खात्यात वळवता येतं का, तेही तहसीलमध्ये विचारून येऊ. काय होतं ते पुढच्या वेळी सांगीन.

सचिव मावशींनी कागदं दिली बरं का. फोटो मात्र बारा वर्षांपूर्वीचाच देत होत्या. बँकेतल्या मॅडम म्हणाल्या, मावशी, यात तुम्ही ओळखू येत नाही. त्यावर मावशी म्हणाल्या, "आता कळलं, सायब मला का वळखत नव्हता ते."

नमस्कार.